आजीच्या हातचा सुरण

"चिंच नक्को. हॉटेलवाल्यांना आंबट चालत नाही," म्हणत शिल्पाने चिंचेच्या कोळाची वाटी बाजूला सारली.

मालनबाईंच्या अगदी ओठावर आलं होतं. घरचा देशी सुरण म्हणजे जातीचा खाजरा. त्यात चिंच चवीला नसते, खाज मारायला असते. पण त्यांनी शब्द गिळला. "हौ. तुम्ही म्हणाल तसं."

विसरलेले कंद पुन्हा लोकांच्या ताटात आणायचे, गावोगाव लावायचे, शहरात खपवायचे, असा शिल्पाच्या कंपनीचा मोठा बेत होता. हॉटेलांची वर्षभराची ऑर्डर आज जामबागेतल्या या हॉलमध्ये ठरणार होती. बेण्याचे कंद मालनबाईंनी मलकपेठेतल्या आपल्या परसात जपलेले. कृती त्यांच्या आईची, गंगूची. सकाळी छापील पुस्तिका हातात पडली, तर त्यात 'आजीच्या हातचा सुरण' आणि खाली शिल्पाच्या नथवाल्या आजीचा फोटो नि नाव. आईचं नाव घाला म्हटलं, तेव्हा शिल्पा हसली होती. "गंगू नावानं माल विकतो का, मावशी?"

ते हसू मालनबाईंच्या काळजात रुतून बसलं होतं. त्यांनी मन लावून भाजी परतली, कढीपत्ता टाकला, पंगतीला स्वतः वाढली. शिल्पा माइकवर लोह, पोटॅशियम, पचायला हलकं असं घडाघडा बोलत होती.

हॉटेलवाल्या हर्षदसाहेबांनी पहिला घास घेतला. दुसरा घेतला नाही. घसा खाकरत ते उठले, पाठोपाठ अख्खी पंगत खोकू लागली. कुणी पाणी मागतंय, कुणी रुमालाने जीभ पुसतंय. मालनबाईंना आतून गार गार वाटलं. खोटं कशाला सांगा, फार बरं वाटलं.

"किनने पकाया ये?" हर्षदसाहेब ओरडले.

शिल्पाने झटकन बोट दाखवलं. "इसने! इसकी माँ का तरीका है, गंगू का!"

सगळ्या माना वळल्या. मालनबाईंनी पदराला हात पुसले, टेबलावरची पुस्तिका उचलली आणि हर्षदसाहेबांपुढे उघडून धरली.

"मेरी माँ के हाथ का किसीकू नै खुजाता, साब. नाम पढ लेव, किसका है."