डाव्या बाजूचा आवाज

“दुकानदारानं गंडवलंय वहिनी, डावीकडे नेलं की उगाच कोकलतंय,” सरनोबत भावजी माझ्या कानाशी कुरकुरले.

गडाच्या पायथ्याशी जुने तोफगोळे शोधायला आणलेल्या नव्या यंत्राची चाचणी चालली होती. यंत्र अर्थातच आमच्या ह्यांच्या हातात. ते वाजलं की मंडळी डावीकडे खणायची आणि नुसती माती निघायची. गेल्या वर्षी ह्यांच्या डाव्या मांडीत घातलेल्या रॉडचं नाव मात्र कुणी घेईना, मीसुद्धा नाही. घेतलं असतं, तर नंतर गड चढायलाही ह्यांना नको म्हणावं लागलं असतं.

शेवटी ह्यांनीच यंत्र स्वतःच्या मांडीशी नेलं. ते असं काही बोंबललं, की हे खो खो हसले.

“यंत्र झकास आहे, सरनोबत! गड मात्र तुम्ही चढा. मला आता नाही जमायचं.”