एक लाख तीन

“या संख्येले तिन्ही लोकांत कोणी माईचा लाल भाग देऊ शकत नाही!” नत्थुजींनी बोट वर करून जाहीर केलं.

तिन्ही लोकांपैकी हजर एकटी गोदाबाई होती, आणि तिला पदराची पिन सापडत नव्हती.

चातुर्मासभर तिने लाख वाती वळल्या होत्या, शंभराशंभराच्या हजार जुड्या बांधल्या होत्या. आज त्रिपुरी पुनव. तिवशाच्या मंदिरात चाळीस बायका ताटं घेऊन बसलेल्या. दिवस बुडताना प्रत्येकीने पंचवीस जुड्या लावल्या की गोदाबाईचा नवस फिटला. ‘जुड्या तेवढ्या मोजून घ्या,’ असं ती नवऱ्याला, नत्थुजींना म्हणाली, तिथेच चुकली. उभा जन्म शाळेत गणित शिकवलेला माणूस. त्याने आठ दिवस बसून सगळ्या जुड्या सोडल्या, एकेक वात मोजली, पुन्हा बांधल्या. तीन जुड्यांत एकशेएक निघाल्या. त्यांना त्याने लाल दोरा बांधला.

“एक लाख तीन!” जुड्यांच्या टोपल्याला मिठी मारून नत्थुजी म्हणाले. “पासष्ट भागाकार केले म्या. दोनपासून थेट तीनशे तेरापर्यंत, साऱ्या मूळ संख्यांनी. कशानंच भाग जात नाही. मूळ संख्या आहे वं, अस्सल!”

“मंग काय करू? हळदकुंकू लावू तिले?”

“चाळीस जणींत सारखी वाटणीच होत नाही. गणितात बसत नाही.”

“तिघींले एकेक जास्त जाईन. देव काय मोजून राहिला?”

“देवाचं मले माहीत नाही. चूक ते चूक.”

“तर काढा तीन बाहेर!”

नत्थुजींनी टोपलं आणखी जवळ ओढलं. “अन् मंग उरते काय? लाख! दोनानं भागा, चारानं भागा, पाचानं भागा. कोणीबी यावं अन् भाग देऊन जावं. त्याले काही इज्जत आहे का?”

फोन वाजला. मंदिरातून शेजारची आकांक्षा. “काकू, दिवस बुडून राहिला. बायकाईच्या एकमेकींच्या साड्यांच्या किमती विचारून झाल्या. काहून थांबल्या?”

“येतोच बाई. तुह्या काकांले आकडा सापडला.”

गोदाबाईने फोन ठेवला. पिनेचा नाद सोडून पदर कमरेला खोचला, आणि नत्थुजींच्या हाताखालून टोपलं ओढून घेतलं. लाल दोऱ्याच्या तिन्ही जुड्यांतून एकेक वात उपसली.

“मोडली वं,” नत्थुजी पुटपुटले. “एवढी मोठी संख्या. एका मिनिटात मोडली.”

गोदाबाईने तिन्ही वाती देवापुढच्या निरांजनात ठेवल्या, वर तूप घातलं, आणि वळून न बघता हात मागे केला.

“माचिस द्या जी.”