पाठीमागचं निळं

अनोळखी बाईनं आपलं तिकीट बाबांपुढे धरलं. बाबांनी ते घेतलं, अर्धं फाडलं, उरलेलं तिच्या हातात ठेवलं आणि आत जायला हातानं वाट दाखवली. बाई आभार मानून पुढे गेली.

"बाबा!" मुलीचा आवाज दालनात असा घुमला की चार-दोन माना वळल्या. "तुम्ही इथे नोकरीला लागलात का?"

"तिनंच पुढे केलं गं. मी काय करू?" बाबा ओशाळले आणि त्यांनी फाडलेला तुकडा गुपचूप खिशात टाकला.

घरात तिला सगळे मिरची म्हणत, ते उगाच नाही. या सहलीत ती रोज धुमसत होती. घड्याळांचं संग्रहालय झालं, बाहुल्यांचं झालं, राजेरजवाड्यांच्या बग्ग्यांचं झालं. प्रत्येक ठिकाणी बाबा आत शिरत, चांगलीशी भिंत हेरत आणि वस्तूंकडे पाठ करून, हात मागे बांधून, लोकांकडे तोंड करून उभे राहत. लोक त्यांना स्वच्छतागृह कुठे ते विचारत. तेही हातवारे करून सांगत, आणि बहुधा बरोबर सांगत.

बाबांची सगळी हयात संग्रहालयात पहारेकरी म्हणून गेली होती. म्हणून त्यांना परदेशातली संग्रहालयं दाखवायची, हा बेत तिचाच. "अगं, ड्रायव्हरला सुट्टीत गाडीतून फिरवायला नेतेस तू," दादानं टोकलं होतं. त्याला तिनं उडवून लावलं. बाबा स्वतः एकदाच बोलले होते. "जमलं तर समुद्र बघू या का?" त्यांनी समुद्र कधी पाहिला नव्हता. "समुद्र काय, कुठेही असतो," ती म्हणाली होती. "पुढच्या वेळी."

आज शेवटचा दिवस होता. उद्या परतीचं विमान. पुढची वेळ येणार नाही, हे बाबांच्या गुडघ्यांकडे बघून दोघांनाही कळत होतं.

या दालनात एकच चित्र होतं, भिंतभर. एक म्हातारी खिडकीशी बसून सुईत दोरा ओवत होती. ते बघायला लोक कुठून कुठून येत. आणि बाबा त्या म्हातारीकडे पाठ करून खांबासारखे उभे.

"कुणासाठी केलं मी हे सगळं?" तिचा बांध फुटला. "भिंतीसाठी? एवढं मोठं चित्र मागे आहे, आणि तुम्ही लोकांचे हात कसले बघताय? वळा ना एकदा!"

"पाय आपोआप असेच उभे राहतात."

"मग फिरवा त्यांना!"

"नाही फिरत!" बाबा एकदम कडाडले. बाबांना असं बोलताना तिनं जन्मात ऐकलं नव्हतं. मग त्यांचा आवाज खाली आला, पण राग तसाच राहिला. "नवा लागलो होतो. पहिल्याच आठवड्यात चित्राकडे वळून बघत होतो. साहेबांनी पाहिलं. सगळ्यांसमोर म्हणाले, 'बघायचं असेल तर तिकीट काढून ये.' लोक हसले. मग म्हटलं, मरेन पण वळून बघणार नाही. नाही बघितलं. रिटायर होईपर्यंत नाही बघितलं."

तिचा बाबांवरचा सगळा राग उठून साहेबांकडे निघाला. साहेब तर कधीच वर गेले होते. मेलेल्या माणसावर चिडून काय उपयोग? तरी ती चिडली, अगदी कानशिलं तापेपर्यंत.

तिनं पर्समधून बाबांचं तिकीट काढलं आणि त्यांच्या तळव्यावर आपटलं.

"हे घ्या. तिकीट काढलंय. आता बघा!"

बाबांनी तिकिटाकडे पाहिलं. "आणि इथे कोण उभं राहील?"

"मी."

ती खरंच उभी राहिली. चित्राकडे पाठ, हात मागे. बाबा हळूहळू वळले.

आता तिच्यासमोर फक्त लोक होते. बडबडत आत येत, तिच्या डोक्यावरून वर बघत आणि गप्प होत. एका माणसानं टोपी काढली. एका बाईचे डोळे भरले. जे काही होतं ते तिच्या मागे होतं, आणि इकडे तिला दिसत होते नुसते चेहरे. थोड्याच वेळात तिची मान शिवशिवायला लागली. बाबांनी हे कसं सोसलं, या विचारानं तिला पुन्हा संताप आला.

"डोळे किती बारीक केलेत बघ म्हातारीनं," मागून बाबांचा आवाज आला. मग त्यांची पावलं चित्राच्या आणखी जवळ सरकल्याचं तिला ऐकू आलं.

"मिरचे."

"काय?"

"आपल्या तिथे माझ्या पाठीमागं असंच भिंतभर चित्र होतं ना? तू शाळा सुटली की माझा डबा घेऊन यायचीस आणि त्याच्याकडे टक लावून बसायचीस."

"हो."

"चौकट पुसतानासुद्धा मी मान खालीच ठेवायचो. डाव्या कोपऱ्याचा टवका उडाला होता, तो माहीत आहे. आणि जाता-येता डोळ्याच्या कडेला काहीतरी निळं लागायचं. बाकी काही नाही माहीत." बाबा थांबले. "काय होतं गं ते निळं?"

तिला मान वळवता येईना.

"समुद्र," ती समोरच्या लोकांकडे बघत म्हणाली. "समुद्र होता, बाबा."