मुशीचं पाणी

"आई, मुशी आपल्याकडं येईल का गं?" विरुपाक्षनं विचारलं. "बाजारात म्हणत्यात, तिनं अर्धं हैदराबाद नेलं."

शेंगा फोडणारे उमाबाईचे हात थांबले. ओसरीवर विरुपाक्ष आणि धाकटी छबू तिच्या पुढ्यात बसली होती. खांबाला टेकून बसम्मा होती, निजामाच्या राजधानीत दिलेल्या उमाबाईच्या बहिणीची पोर. नवरात्रात मुशीला पूर आला, त्यात त्या घरातली ही तेवढी वाचली. तिला बीडला आणून महिना झाला होता. अजून तिनं तोंड उघडलं नव्हतं.

"कावून येईल? मुशी लई लांब हाय," उमाबाई म्हणाली. "अन् आपल्या बिंदुसरेला तर घोट्याएवढं पाणी. भ्यायचं न्हाई."

"आमच्या मुशीला बी तेवढंच होतं," बसम्मा म्हणाली. "आई धुणं धुयाची तिथं."

घोगरा आवाज. थेट बहिणीचाच. उमाबाईनं चमकून तिच्याकडं पाहिलं.

"मग?" छबूनं विचारलं.

"छबे, गप!"

"मग पाणी घरात आलं. आमी चिंचेवर चढलो." बसम्मा शेंगांच्या टरफलांकडं बघत होती. "आईनं लुगडं सोडून मला फांदीला बांधलं. बाळाला नुसतं हातानं धरलं."



छबू आईकडं वळली. "मंग मावशी श्रीशैलच्या जत्रंला न्हाई गेली? तू तर म्हणली हुतीस."

उमाबाईच्या तोंडून पुन्हा ती श्रीशैलची थाप निघेना.

"न्हाई," ती म्हणाली. "मावशी पाण्यात गेली. बाळ बी गेलं." तिनं बसम्माला ओढून कुशीत घेतलं. पोर लाकडासारखी ताठ राहिली.

विरुपाक्ष उठून अंगणातल्या कडुलिंबाखाली जाऊन उभा राहिला. बराच वेळ तो वर बघत होता.

"आई, ह्याच्यावर आपण सगळे मावू का?"

उमाबाईनं मान वर केली. ती जाड फांदी छबूला. तिच्या वरची विरुपाक्षला. तिची नजर आणखी एक फांदी शोधत होती.

"लिंब मोडतो, मावशी," कुशीतून बसम्मा म्हणाली. "चिंच बघ."