भगताची जागा

"ताई, तिथं न्हाय ठेवायचं. ती भगताची जागा हाय," म्हणत कमळा वाटेत आडवी उभी राहिली.

वल्लरीच्या कानाला फोन होता. हवामान कार्यालयात रडारसमोर बसलेला तिचा सहकारी अनिमेष सांगत होता, "ढग तुमच्याकडे, अकलोलीकडे वळलाय. गारा आहेत त्यात. फार तर अर्धा तास."

टेकडीखाली पाड्याची भेंडी आणि काकडी तोडणीला आली होती. म्हणून वल्लरी उंच नळीची शेगडी घेऊन आली होती. तिच्यात चांदीचा क्षार जाळायचा. धूर ढगात पोचला, तर मोठ्या गारांऐवजी बारीक कण होतात. पण त्यासाठी उंच जागा हवी आणि उंच जागा ही एकच. गारांचा ढग आला की काळूराम भगत इथं उभा राहून त्याला परतवायचा. गेल्या वर्षी ढगानं ऐकलं नव्हतं, तरी पाड्याचा विश्वास ढळला नव्हता.

काळूराम काठी टेकत वर आला. वल्लरीनं त्याला भराभर सगळं समजावलं. नकार येणार हे ती धरूनच चालली होती.

त्यानं शेगडीभोवती एक फेरी मारली. "काडी दे," म्हणाला आणि स्वतःच शेगडी पेटवली.

धूर सरळ वर गेला. थोड्या वेळानं पाऊस कोसळू लागला, तेव्हा सगळे कमळाच्या पडवीत शिरले. पत्र्यावर टपटप झाली. ज्वारीच्या दाण्याएवढ्या गारा अंगणात पडल्या आणि पडताच विरघळल्या. मग ऊन आलं. भेंडी ताठ उभी होती.

"भगतानं परतवला," बायका एकमेकींना सांगत शेतात धावल्या. कमळानं दोन काकड्या आणल्या, एक भगताला आणि एक वल्लरीला.

पडवीत दोघंच उरल्यावर काळूरामनं हळूच विचारलं, "खरं सांग. तुझ्या धुरानं झालं?"

वल्लरीला 'हो' म्हणायचा मोह झाला. "खात्रीनं नाही सांगता येत, बाबा," ती म्हणाली. "ढगातच दम नसेल कदाचित. दर वेळी पेटवायचं आणि बघायचं."

काळूराम हसायला लागला. इतका, की डोळ्यांत पाणी आलं.

"तीस वरसं माझं बी असंच चाललंय, पोरी," तो म्हणाला. "पण आजवर सांगायला कोन न्हवतं."