भिंतीवरचा आकडा

नॉन्थबुरीतल्या त्या भाड्याच्या खोलीत रंपाई दर रविवारी भिंतीवरची काळी बुरशी घासून काढायची आणि गुरुवारपर्यंत ती पुन्हा हजर व्हायची. वर एसी ठिबकत होता, खाली तिची सहा वर्षांची लेक फान खोकत होती. घरमालकीण बुनसी मावशी मात्र उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायला तयार नव्हती.

“ओले टॉवेल तुम्ही खोलीत वाळवायचे आणि खापर माझ्या एसीवर!”

शेवटी रंपाईने गल्लीत पुडी सोडली, की बुरशीत लॉटरीचा आकडा उमटलाय. तासाभरात मावशी उदबत्ती आणि पावडरचा डबा घेऊन आत. आकडा उठून दिसावा म्हणून भिंतीला पावडर चोळून चोळून तिने चौऱ्याहत्तर वाचलासुद्धा.

“आल्याच आहात, तर जरा वर एसीकडेही बघा.”

“सोळा तारखेच्या सोडतीत आकडा लागू दे, नवाच बसवते!”

सोळा तारखेला खरंच चौऱ्याहत्तर लागला.

दुसऱ्या दिवशी मावशी आली ती एसीला झेंडूची माळ घालायला. भिंतीपुढे नैवेद्याची लाल सरबताची बाटली ठेवून, तीत स्ट्रॉ घालून, तिने हात जोडले.

“आणि नवा एसी?” रंपाईने विचारलं.

“वेडी की काय! याचं ठिबकणं थांबलं तर तुझं सामान रस्त्यावर फेकीन. आणि तो घासायचा ब्रश दे इकडे.”

कोपऱ्यात फानला खोकल्याची उबळ आली. रंपाई भडकली, “ऐका, पोरीची छाती कशी वाजतेय ती ऐका!”

मावशीने झटकन हात वर केला.

“गप गं! किती वेळा खोकते ते मोजतेय ना मी.”