केसाएवढी पायरी

"बसला!" इसाक मिस्त्री म्हणाला आणि काटकोनात जोडलेले दोन तुकडे त्यानं मुक्ताबाईंपुढं धरले. "बघा मावशी. खिळा न्हाई, काई न्हाई. दातात दात गेला की पेटी जन्मात हलायची न्हाई."

मुक्ताबाईंनी तुकडे घेतले, पण उजेडाकडं धरले नाहीत. अंगठ्याशेजारचं बोट कोपऱ्यावरून सावकाश फिरवलं. परत एकदा फिरवलं.

"हितं पायरी हाय."

"कुठं?"

"ही फळी त्या फळीच्या पुढं आलीय. केसाएवढी."

इसाकनं कोपरा डोळ्याजवळ नेला. "मला तर काई दिसंना."

"मला बी दिसंना. बोटाला लागती."

दुष्काळाचं हे दुसरं साल. नांदूरघाटात इसाकच्या दुकानासमोर सकाळपासून टँकरसाठी घागरींची रांग लागली होती. मुक्ताबाई बायकांच्या बियाणे सहकारी संस्थेच्या अध्यक्ष. गावरान ज्वारीचं बी सगळं मिळून चार पायल्या उरलं होतं आणि ते पावसाळ्यापर्यंत टिकवायचं होतं. पत्र्याच्या डब्यात बी घामेजलं. खिळ्यांच्या पेटीत कोपऱ्यातून सोंडे किडे शिरले. संस्थेतल्याच बायडाबाईच्या विहिरीवरचा कडुलिंब वठला, तो तिनं संस्थेला दिला. त्याच्याच या फळ्या. पेटीपुरत्या होत्या, वर हातभर तुकडा. त्या हातभरातून तपासायला तीन जोड निघत होते. एक आता वाया गेला.

"पायरी हाय तिथं फट हाय," मुक्ताबाई म्हणाल्या. "अन् सोंड्याला फट म्हंजी गावची वेस."

इसाकनं बटण बंद केलं आणि राऊटरच्या, म्हणजे लाकडात खाचा पाडणाऱ्या यंत्राच्या टेबलाखाली हात घातला. टेबलातून वर आलेल्या बिटाचे, त्या फिरत्या पात्याचे दात फळीच्या जाडीच्या बरोबर मधोमध यावे लागतात. मग एक फळी आडवी आणि दुसरी उभी चालवली की दोन्हींचे काप एकमेकांत बसतात. बिट जरा वर-खाली राहिला की कोपऱ्यात पायरी पडते. बिट वर-खाली करणाऱ्या स्क्रूला त्यानं एक आटा, एक पूर्ण फेरा दिला, दुसरा जोड कापला, बसवला.

मुक्ताबाईंचं बोट फिरलं.

"आता दुसरी फळी पुढं आली. पर पायरी मगापेक्षा कमी हाय. निम्मी."

इसाक पाटावर बसला. हातातला पाना त्यानं खाली ठेवला.

"मावशी, फळ्या बीडला न्या. तिथं चांगले मिस्त्री हायत."

"कावून?"

तो खाली बघूनच म्हणाला, "मला बारीक दिसत न्हाई. दोन वर्सं झाली. पायरी केवढी हाय तेच कळंना, मग नुस्ता अंदाजानं फिरवतो. म्हणून तर सारख्या बाजाच करतो मी. बाजेला एवढं लागत न्हाई. घरी बायकोला, गौसियाला बी सांगितलं न्हाई अजून."

मुक्ताबाईंनी दोन्ही जोड मांडीवर घेतले. एकावर बोट, मग दुसऱ्यावर बोट.

"मगाशी किती फिरवलं तू?"

"एक आटा."

"बरं. माझ्या बोटाच्या मापानं ही पहिली पायरी दोन बोंडं धर. ही दुसरी उलटी, एक बोंड. आता कुठवर मागं यायचं ते तू सांग."

इसाकनं वर पाहिलं. मग खडू घेऊन जमिनीवर तीन रेघा ओढल्या.

"दोन इकडची, एक तिकडची. म्हंजी आख्खा आटा तीन बोंडाचा." त्यानं तिसऱ्या रेघेवर खडू टेकवला. "आट्याचा तिसरा हिस्सा मागं."

"मग ये की मागं."

शेवटचा जोड होता. इसाकनं स्क्रू फिरवला, तिथं खडूनं खूण केली आणि तुकडे चालवले, एक आडवा, एक उभा. भुसा उडाला, लिंबाचा कडू वास दुकानभर पसरला. यावेळी तो 'बसला' म्हणाला नाही. जोड त्यानं मुक्ताबाईंच्या हातात दिला आणि उभा राहिला.

मुक्ताबाईंनी डोळे मिटून बोट फिरवलं. एकदा. दोनदा. उलट्या बाजूनंही.

"एक फळी कुठं सरली अन् दुसरी कुठं लागली, कळंना रे इसाक."

त्यानंही आपलं बोट फिरवून पाहिलं. रंध्यानं घट्टे पडलेल्या त्या बोटाला आधीही काही कळत नव्हतं, आताही कळलं नाही. पण त्यानं विश्वास ठेवला. बायडाबाईच्या लिंबाच्या चारही फळ्या एकामागून एक चालवल्या, डिंक लावला, पेटी उभी केली आणि सायकलच्या जुन्या ट्यूबनं आवळून बांधली. मुक्ताबाईंनी चारी कोपरे तपासले. चौथ्या कोपऱ्यावरून बोट उचलून त्यांनी होकारार्थी मान हलवली.

"मावशी, लई उपकार झाले तुमचे."

"माझे? पेटी आमची, अन् उपकार तुझ्यावर?"

"पेटीचं न्हाई म्हणत मी," इसाक म्हणाला. "हे दोन वर्सं एकटाच धरून बसलो होतो."

मुक्ताबाईंनी पदरानं बोटांवरचा भुसा झटकला.

"आधी दवाखान्यात जा, डोळं दाखव. अन् बारीक काम सोडू नको. संस्थेत अकरा जणी हाव आमी. बी निवडून निवडून समद्यांचे हात तयार झालेत. काम आलं की एकीला हाक मार. येऊन बसंल तुझ्यापाशी."

इसाक हसला, आणि हसता हसताच त्याचे डोळे भरून आले.

"आता तर काईच दिसंना झालं, मावशी."

"मग पूस की," मुक्ताबाई म्हणाल्या. "अन् चहा सांग. पाण्याच्या टंचाईचं साल हाय, एकच सांग. दोघांत घेऊ."